द्रुतगती लोहमार्गावरील थांबे : कोकण रेल्वेच्या संदर्भात एक विवेचन

आगगाडी कोणत्या स्थानकावर थांबावी हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो. परंतु ज्या प्रदेशातून गाडी धावते आणि जेथे ती थांबत नाही, तेथील लोकांच्या दृष्टीने तो प्रश्न वेळापत्रकाचा नसून न्यायाचा असतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत गेल्या पाव शतकात या प्रश्नावर जितकी निवेदने दिली गेली असतील, तितकी दुसऱ्या फार थोड्या प्रश्नांवर दिली गेली असतील. ज्यांच्या जमिनीवरून लोहमार्ग गेला त्यांना गाडीचा वारा मिळतो, गाडी मिळत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. उलट पक्षी, प्रत्येक गावाचा हट्ट पुरवू लागलो तर द्रुतगती गाडी ही नावापुरतीच द्रुतगती उरेल, असे रेल्वेचे अधिकारी म्हणतात. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू कोणा एका बाजूची वकिली करण्याचा नसून, हा निर्णय कोणत्या घटकांवर अवलंबून असतो, त्यांपैकी कोणते मोजता येतात व कोणते मोजताना आपली फसगत होते, याचा उलगडा करण्याचा आहे.

१. पूर्वपीठिका

थांब्याचा प्रश्न कोकणास नवा नाही. लोहमार्ग येण्यापूर्वी मुंबईचा प्रवास आगबोटीने होत असे. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत आगबोट किनाऱ्याकिनाऱ्याने जाई. बहुतेक ठिकाणी ती धक्क्यास न लागता खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून ये-जा करीत. म्हणजे आगबोटीचा थांबा हा एका अर्थी अर्धाच थांबा असे; उरलेला अर्धा पडाववाल्याच्या स्वाधीन असे. पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच राही. ‘गाडी येथे थांबते’ या वाक्याचा अर्थ गाडी उभी राहते एवढाच नसून, तेथे माणसाला तिच्यापर्यंत पोहोचता येते असाही असला पाहिजे, हा धडा त्या काळाने दिलेला आहे. पुढील विवेचनात तो आपल्या उपयोगी पडेल.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली. रोहा ते मंगळूरनजीकच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला. हा मार्ग आखताना अभियंत्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला होता. मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगास योग्य असावा, त्याचा चढ १५० मीटरांस १ मीटर याहून अधिक नसावा आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरांहून कमी नसावी, असे त्यांनी ठरविले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या डोंगरखाड्यांच्या मुलखात या अटी पाळायच्या म्हणजे डोंगर पोखरणे व दऱ्या पुलांनी सांधणे भाग होते. रत्नागिरीच्या परिसरातील करबुडे येथील साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवल येथील ६४ मीटर उंचीचा पूल ही या अटींचीच अपत्ये होत.

परंतु याच अटींचा दुसरा परिणाम असा झाला की, मार्ग गावांस शोधीत न जाता सरळ रेषेस शोधीत गेला. कोकणातील जुनी गावे खाडीच्या मुखाशी किंवा बंदरांच्या आश्रयाने वसलेली आहेत. लोहमार्ग मात्र त्यांच्या पूर्वेस, डोंगरांच्या कुशीतून जातो. रत्नागिरीचे स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर, कुवारबावच्या बाजूस आहे. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड या नावांतील ‘रोड’ हा शब्दच सांगतो की, स्थानक गावात नसून गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. मार्गाची आखणी करतानाच थांब्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ठरून जाते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे वेळापत्रक करणाऱ्याच्या हाती उरतो तो दुसरा अर्धा भाग.

आंतरराष्ट्रीय परिभाषेत ‘द्रुतगती’ हा शब्द ताशी २०० ते २५० किलोमीटर व त्यापुढील वेगास लावतात. त्या अर्थाने कोकण रेल्वे द्रुतगती नव्हे. तिच्यावरील सर्वांत वेगवान गाड्याही ताशी १२० किलोमीटरांच्या आतबाहेरच धावतात. तथापि थांब्यांचे गणित दोहोंकडे एकच आहे. फरक आहे तो आकड्यांचा.

२. एका थांब्याची किंमत

गाडी दोन मिनिटे थांबली म्हणजे दोनच मिनिटे गेली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पूर्ण वेगाने येणारी गाडी थांबविण्यासाठी आधी वेग उतरवावा लागतो आणि नंतर पुन्हा चढवावा लागतो. वेग एकसारखा उतरत गेला, तर त्या अवधीतील सरासरी वेग मूळ वेगाच्या निम्मा असतो. म्हणून वेग उतरविण्यास लागलेल्या वेळापैकी निम्मा वेळ वाया जातो. वेग चढवितानाही तसेच घडते. सारांश, एका थांब्याने होणारी वेळेची हानी म्हणजे प्रत्यक्ष थांबण्याचा वेळ, अधिक वेग उतरविण्याच्या वेळेचा निम्मा भाग, अधिक वेग चढविण्याच्या वेळेचा निम्मा भाग.

एक उदाहरण घेऊ. गाडीचा वेग ताशी ११० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे ३०.६ मीटर आहे. वेग चढविण्याचा दर सेकंदागणिक सेकंदास ०.३ मीटर आणि उतरविण्याचा दर ०.५ मीटर धरला, तर चढविताना सुमारे ५१ सेकंद व उतरविताना सुमारे ३१ सेकंद वाया जातात. त्यांत थांबण्याची २ मिनिटे मिळविली की हानी सुमारे ३ मिनिटे २० सेकंद होते. आता हेच दर कायम ठेवून वेग ताशी ३२० किलोमीटर धरला, तर वेगापोटी जाणारा वेळ सुमारे ४ मिनिटे होतो आणि एकूण हानी ६ मिनिटांच्या घरात जाते. वेग जितका अधिक, तितका थांबा महाग, हा पहिला नियम यावरून निष्पन्न होतो.

हे आकडे केवळ कागदावरचे नाहीत, याचा पडताळा दोन ठिकाणी घेता येतो. जपानमधील तोक्यो ते ओसाका हा ५१५ किलोमीटरांचा पहिला द्रुतगती मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला. त्यावर १२ स्थानके होती. ‘हिकारी’ नावाची गाडी मध्ये फक्त नागोया व क्योतो येथे थांबून ४ तासांत जाई, तर ‘कोदामा’ ही गाडी मधल्या दहाही स्थानकांवर थांबून ५ तास घेई. आठ अधिक थांब्यांना ६० मिनिटे, म्हणजे दर थांब्यास साडेसात मिनिटे. दुसरा पडताळा आपल्याकडचा आहे. बांधकाम चालू असलेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर असून त्यावरही १२ स्थानके आहेत. मूळ नियोजनात मोजके थांबे घेणाऱ्या गाडीस २ तास ७ मिनिटे आणि सर्व थांबे घेणाऱ्या गाडीस २ तास ५८ मिनिटे धरली होती. सात-आठ थांब्यांपोटी ५१ मिनिटे, म्हणजे दर थांब्यास साडेसहा ते सव्वासात मिनिटे. आपल्या गणितातील ६ मिनिटांहून हा आकडा थोडा अधिक येतो, याचे एक कारण असे की, सर्वत्र थांबणाऱ्या गाडीस मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट करून देण्यासाठी मध्येच अधिक काळ उभे राहावे लागते.

३. कोणाची वेळ, कोणाचा लाभ

थांब्याची किंमत कोण देते? गाडीत आधीपासून बसलेला व पुढे जाणारा प्रत्येक उतारू देतो. लाभ कोणास होतो? त्या स्थानकावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यास होतो. गाडीत ६०० उतारू पुढे जाणारे आहेत आणि थांब्याने प्रत्येकाची ३ मिनिटे २० सेकंद जातात असे मानले, तर एकूण हानी २००० मिनिटांची होते. त्या स्थानकावर ४० माणसे चढत-उतरत असतील आणि गाडी तेथे थांबल्यामुळे प्रत्येकाची ५० मिनिटे वाचत असतील, तर लाभही २००० मिनिटांचा होतो. अशा वेळी पारडी समतोल राहतात. चाळीसच्या वर एक जरी माणूस असेल, तरी या हिशेबाने थांबा योग्य ठरतो. कमी असेल तर अयोग्य. हेच उदाहरण ताशी ३२० किलोमीटरांच्या गाडीस लावले, तर समतोलासाठी ४० ऐवजी ७२ माणसे लागतात.

या हिशेबातून एक व्यापक सूत्र मिळते. स्थानके जवळजवळ असली की गाडी वारंवार थांबते व लांबच्या उताऱ्याचा वेळ जातो. ती दूरदूर असली की स्थानकापर्यंत पोहोचण्यात जवळच्या उताऱ्याचा वेळ जातो. दोहोंची बेरीज किमान कोठे होते हे पाहिले, तर असे आढळते की, दोन थांब्यांमधील योग्य अंतर हे पुढे जाणाऱ्या उतारूंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि वाटेत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या दाटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे लांबचे उतारू चौपट झाले, तरी थांब्यांमधील अंतर दुप्पटच व्हावयास हवे. केरळास जाणाऱ्या गाडीत लांबचे उतारू फार असतात एवढ्यावरून, तिने कोकणात जवळजवळ थांबूच नये, हा निष्कर्ष निघत नाही. थांबे विरळ असावेत एवढाच निघतो.

या सूत्रास एक गृहीत आहे : लोक मार्गाच्या दुतर्फा सारखे पसरलेले आहेत आणि जवळच्या स्थानकाकडे सारख्याच वेगाने जाऊ शकतात. कोकणात हे गृहीत साफ कोसळते. येथे उत्तर-दक्षिण जाण्यास खाड्या आडव्या येतात. माणसांची खरी वाट किनाऱ्याकडून डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेस असते. खेड आणि चिपळूण ही स्थानके लोहमार्गाने सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहेत. नकाशा पाहून कोणी म्हणेल की, इतक्या जवळच्या दोन ठिकाणी द्रुतगती गाडीने थांबण्याचे कारण नाही. परंतु दापोली व मंडणगड या तालुक्यांची वाट खेडला येते, तर गुहागरची वाट चिपळूणला येते आणि या दोन किनाऱ्यांच्या मध्ये दाभोळची खाडी आहे. मार्गावरचे ३० किलोमीटर किनाऱ्यावर गेल्यावर कित्येक पटींनी वाढतात. तीच गोष्ट कणकवली व कुडाळ यांची. त्यांच्यामध्येही ३० किलोमीटरांच्या आसपासच अंतर आहे. पण देवगडचा माणूस कणकवलीकडे वळतो आणि वेंगुर्ल्याचा कुडाळकडे. यास्तव स्थानकाचे महत्त्व स्थानकाच्या गावाच्या लोकसंख्येवरून न ठरविता, त्याच्याकडे येणाऱ्या वाटांच्या पसाऱ्यावरून ठरविले पाहिजे.

सध्याच्या वेळापत्रकात यावर एक तोड काढलेली दिसते. मे २०१७ मध्ये सुरू झालेली तेजस एक्सप्रेस चिपळूण, रत्नागिरी व कुडाळ येथे थांबते, तर जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत एक्सप्रेस खेड, रत्नागिरी व कणकवली येथे थांबते. एका गाडीने सर्व थांबे न घेता दोन गाड्यांनी ते वाटून घ्यावेत, अशी ही पद्धत आहे. तिच्यात कोणत्याही एका गाडीचा वेग फारसा घटत नाही व कोणताही किनारा अगदीच वंचित राहत नाही. परंतु चिपळूणच्या माणसास सकाळच्या वेळी जी गाडी हवी, ती नेमकी त्याच्या वाट्यास न आलेली असू शकते. म्हणून थांब्यांची वाटणी करताना केवळ संख्या न पाहता वेळही पाहिली पाहिजे.

वाटणीतून सुटलेले मुलूखही आहेत. रत्नागिरी ते कणकवली हे लोहमार्गाने सुमारे ११० किलोमीटरांचे अंतर वंदे भारत न थांबता ओलांडते. या टापूत लांजा, राजापूर आणि वैभववाडी हे तालुके येतात. येथील स्थानके गावांपासून दूर आहेत आणि वस्ती विखुरलेली आहे; म्हणून वरील हिशेबात ती सहसा मागे पडतात. हिशेब चूक नाही. परंतु हिशेब मागे पडलेल्यास नेहमी मागेच ठेवतो, हे त्याचे वैगुण्य आहे.

४. एकेरी मार्गाचे बंधन

आतापर्यंतचे विवेचन दुहेरी मार्गास लागू पडते. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरांचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. उरलेला मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीस वाट देण्यासाठी एका गाडीला कोणत्या तरी स्थानकावर उभे राहावेच लागते. आरंभी या मार्गावर ५९ स्थानके होती. म्हणजे दोन स्थानकांत सरासरी पावणेतेरा किलोमीटर अंतर पडे. दोन गाड्यांची भेट याच मोजक्या जागी होऊ शकते.

या बंधनामुळे थांब्यांच्या हिशेबात दोन परस्परविरुद्ध गोष्टी शिरतात. पहिली अनुकूल आहे. जेथे गाडीला समोरच्या गाडीसाठी उभे राहावयाचेच आहे, तेथे उतारूंसाठी दारे उघडण्यास जवळजवळ काहीच किंमत पडत नाही. कारण वेळेची हानी आधीच झालेली असते. गाडी स्थानकात दहा मिनिटे उभी आहे, माणसे फलाटावर उभी आहेत, आणि तरीही वेळापत्रकात तो थांबा नाही, हे दृश्य लोकांस असह्य वाटते ते याच कारणाने. दुसरी गोष्ट प्रतिकूल आहे. गाड्यांची ही भेट नेमकी कोठे होईल, हे समोरची गाडी वेळेवर असण्यावर अवलंबून असते. ती वीस मिनिटे उशिरा आली की भेटीचे स्थानक बदलते. नियमित थांबा द्यावयाचा म्हणजे गाडी येथे रोज थांबेल असे वचन द्यावयाचे. आणि वचन योगायोगावर देता येत नाही. शिवाय एका गाडीला दिलेली तीन मिनिटे समोरच्या गाडीस, तिच्यामागून तिसऱ्या गाडीस अशी पुढे पुढे सरकत जातात.

एकेरी मार्गावरून दिवसाकाठी किती गाड्या जाऊ शकतील, याचा अंदाज करण्यासाठी भारतीय रेल्वेत स्कॉट यांचे सूत्र वापरतात. दोन स्थानकांमधील सर्वांत अवघड टप्पा ओलांडण्यास मंद गाडीला लागणारा वेळ आणि सिग्नल-व्यवहाराचा वेळ यांच्या बेरजेने दिवसाच्या १४४० मिनिटांस भागावयाचे व येणाऱ्या संख्येचा सुमारे सात दशांश भाग घ्यावयाचा. टप्पा १५ मिनिटांचा व व्यवहार ५ मिनिटांचा असेल, तर दोन्ही दिशा मिळून सुमारे ५० गाड्या होतात. त्याच टप्प्याच्या मध्यावर एक नवे स्थानक बांधून तो ८ मिनिटांचा केला, तर ही संख्या सुमारे ७७ होते. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे यांसारखी स्थानके मागाहून बांधण्यात आली, त्यांमागे हेच गणित आहे. गाड्यांच्या सोयीसाठी बांधलेली ही स्थानके परिसरातील लोकांस माणसांच्या सोयीसाठी हवीशी वाटावीत, हे स्वाभाविकच होय.

५. पावसाळ्याचे वेगळे गणित

२२ जून २००३ रोजी वैभववाडीनजीक दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढल्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात झाला. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग बराच उतरविण्यात येऊ लागला आणि पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक चालविण्याची पद्धत रूढ झाली. मुसळधार पावसात तर वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणतात. एरवी आठ तासांच्या आत मडगावास पोहोचणाऱ्या वंदे भारतला पावसाळी वेळापत्रकात सुमारे दहा तास लागतात.

या काळात थांब्याची किंमत काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो. वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर वेग उतरविण्या-चढविण्यापोटी जाणारा वेळ अवघा अर्ध्या मिनिटाचा असतो; दोन मिनिटांचा थांबा अडीच मिनिटांत आटोपतो. ६०० उतारूंच्या आपल्या उदाहरणात समतोलासाठी ४० ऐवजी ३० माणसे पुरतात. शिवाय याच ऋतूत घाटरस्ते व महामार्ग बेभरवशाचे होतात. म्हणून थांब्याने वाचणारा वेळ वाढतो आणि समतोलाची संख्या आणखी खाली येते. म्हणजे ज्या स्थानकावर कोरड्या ऋतूत थांबणे परवडत नाही, तेथे पावसाळ्यात थांबणे परवडू शकते. याच ऋतूत गणेशोत्सव येतो आणि मुंबईचा चाकरमानी गावाकडे निघतो, ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. अर्थात पावसाळ्यात प्रत्येक टप्पा ओलांडण्यास अधिक वेळ लागत असल्याने मार्गाची क्षमता घटते आणि गाड्यांच्या भेटी अधिक नाजूक होतात, हेही तितकेच खरे. तरीही, वेळापत्रक ऋतूगणिक बदलत असेल, तर थांब्यांची यादीही ऋतूगणिक नव्याने तपासावी, हे म्हणणे तर्कास धरून आहे.

६. मागणी मोजण्यातील सापळा

वरील सर्व हिशेबांत एक आकडा मध्यवर्ती आहे : स्थानकावर किती माणसे चढतील-उतरतील? हा आकडा सामान्यतः तिकीटविक्रीवरून घेतात. येथेच मोठी फसगत होते. जेथे गाडी थांबत नाही, तेथून त्या गाडीचे तिकीट विकले जात नाही. तिकीट विकले जात नाही म्हणून मागणी दिसत नाही. आणि मागणी दिसत नाही म्हणून गाडी थांबत नाही. संगमेश्वरचा माणूस द्रुतगती गाडी पकडण्यासाठी रत्नागिरीस किंवा चिपळूणला जातो, तेव्हा तो संगमेश्वरच्या खात्यातून वजा होऊन रत्नागिरीच्या किंवा चिपळूणच्या खात्यात जमा होतो. मोठ्या स्थानकाचा आकडा त्यामुळे फुगतो व लहान स्थानकाचा आकसतो.

या सापळ्यातून सुटण्यासाठी रेल्वे काही काळ प्रायोगिक थांबा देऊन पाहते. ही पद्धत स्तुत्य आहे, परंतु तिच्यातही एक उणीव राहते. लांब पल्ल्याच्या गाडीत प्रत्येक स्थानकाच्या वाट्यास आरक्षित जागांचा काही कोटा असतो. थांबा दिला व जागा दिल्या नाहीत, तर माणसे फलाटावर येऊनही चढत नाहीत. आगबोट समुद्रात उभी आहे आणि किनाऱ्यावर पडाव नाही, तशी ही स्थिती होय. मग प्रयोगाअंती आकडे अपुरे पडले म्हणून थांबा रद्द होतो आणि त्या स्थानकाला मागणी नाही असा शिक्का बसतो. शिवाय नव्या थांब्याची वार्ता पसरण्यास, रिक्षा-एस.टी.ची जोड मिळण्यास आणि लोकांच्या सवयी बदलण्यास काही महिने सहज जातात. तोवर प्रयोगाची मुदतच संपत आलेली असते.

७. रत्नागिरी आणि इतर स्थानके

रत्नागिरीचे स्थान या सर्व वादांच्या वर आहे. हे जिल्ह्याचे ठाणे आहे, कोकण रेल्वेच्या दोन विभागांपैकी एकाचे मुख्य ठिकाण आहे आणि आंबा घाटातून कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग येथूनच निघतो. त्रिवेंद्रम राजधानीसारखी गाडीही येथे थांबते. रेल्वेची तांत्रिक गरज व लोकांची गरज येथे एकत्र आल्याने थांब्याची किंमत दोन खात्यांत विभागली जाते. खरा वाद दुसऱ्या श्रेणीच्या स्थानकांचा आहे आणि तेथेच विवेकाची कसोटी लागते.

मार्गाची आखणी करतानाच चूक झाली, तर पुढे ती दुरुस्त करणे किती कठीण असते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. १९९४ मध्ये तेथील उत्तर भागात अमियाँ व सँ-कांताँ या दोन शहरांच्या मध्ये, शेतांत, द्रुतगती गाड्यांचे एक स्थानक उघडले. दोन्ही शहरांस सोयीचे व्हावे म्हणून निवडलेली ही जागा दोहोंपासून दूर पडली आणि लोकांनी त्याला ‘बीटच्या शेतातील स्थानक’ असे नाव ठेवले. आपल्या ‘रोड’ स्थानकांची व त्या स्थानकाची कारणे निराळी असली, तरी अडचण तीच आहे. तिच्यावर उपाय एकच : स्थानक गावाकडे नेता येत नसेल, तर गाव स्थानकाकडे आणावे, म्हणजे गाडीच्या वेळेस जोडून बस असावी. गाडी आल्यावर अर्ध्या तासाने सुटणारी बस थांब्याचा निम्मा लाभ खाऊन टाकते.

आणखी एक उपाय फलाटाशी निगडित आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या गाडीचा थांबा ३ मिनिटे २० सेकंदांचा असला, तर त्यांतील २ मिनिटे निव्वळ उभे राहण्याची असतात. फलाट बुटका असेल, गाडीहून आखूड असेल किंवा डबा कोठे येणार हे आधी कळत नसेल, तर म्हाताऱ्या माणसांचा व सामानाचा चढउतार लांबतो. फलाट डब्याच्या पातळीस आणून थांबा एका मिनिटावर आणता आला, तर प्रत्येक थांब्यामागे एक मिनिट वाचते. असे तीन थांबे सुधारले, की वाचलेल्या तीन मिनिटांत २ मिनिटे २० सेकंदांचा चौथा थांबा सहज बसतो व गाडी पूर्वीइतक्याच वेळात पोहोचते. नव्या थांब्याची मागणी करणाऱ्यांनी जुन्या थांब्यांवरील फलाटांच्या सुधारणेचीही मागणी करावी, हे यावरून दिसून येईल.

८. उपसंहार

सारांशाने असे म्हणता येईल की, थांब्याचा निर्णय तीन निरनिराळ्या पायऱ्यांवर घेतला जातो. पहिली पायरी मार्गाच्या आखणीची. तिच्यावरील निर्णय पिढ्यान्पिढ्या बदलत नाही. दुसरी पायरी वेळापत्रकाची. तिच्यावर वेग, उतारूंची संख्या व मार्गाची क्षमता यांचा हिशेब चालतो. तिसरी पायरी न्यायाची. ज्या टापूस हिशेब नेहमीच मागे ठेवतो, त्यास किमान किती सेवा मिळाली पाहिजे हे तेथे ठरावयाचे असते. तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न दुसऱ्या पायरीवरील आकड्यांनी सोडवू पाहणे आणि दुसरीवरील प्रश्न तिसरीवरील भावनेने सोडवू पाहणे, या दोन्ही गोष्टींमुळे वाद विनाकारण वाढतो. राजापूरच्या माणसाने आपल्याकडे चिपळूणइतकीच गर्दी आहे असे सिद्ध करण्याच्या फंदात न पडता, दिवसातून एक वेगवान गाडी हा आपला किमान हक्क आहे, असे म्हणणे अधिक सरळ व अधिक बळकट होईल. तसेच रेल्वेनेही, थांबा दिल्यास किती मिनिटे जातील हे उघडपणे सांगितले, तर नकार देखील लोकांस समजू शकेल.

या विषयात आपल्या विद्यार्थ्यांस करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. तिकिटावर चढण्याचे स्थानक असते. माणूस घरून कोणत्या गावाहून निघाला, हे त्यावर नसते. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली व कुडाळ येथील फलाटांवर उभे राहून उतारूंना दोनच प्रश्न विचारावेत : आपण कोणत्या गावाहून आलात, आणि येथवर पोहोचण्यास किती वेळ व किती पैसे लागले? हेच काम एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसाळ्यात व एकदा गणेशोत्सवाच्या आधल्या आठवड्यात केले, तर कोणत्या स्थानकाची मागणी कोणाच्या खात्यात जमा होते आहे, याचा पहिला विश्वसनीय तक्ता हाती येईल. तो हाती आला, म्हणजे निवेदने देणारे व निवेदने घेणारे यांना एकाच कागदावर बोट ठेवून बोलता येईल.